नवसाची डबी

दाढ दुखते असं सांगून यमुना काजूच्या कारखान्यातून निघाली, तेव्हा कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. दाढ कुणाची दुखत नाही? त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या प्रत्येक बाईला एकेक दुखणं चिकटलेलं होतंच. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची काजूच्या तेलानं सोलवटलेली बोटं. कारखानदार दीपकशेट तेवढा गुरगुरला, "काढून टाका एकदाची! सारखी सुट्टी परवडायची नाय मला. बी येऊन पडलीय."

"काढूनच टाकणार हाय," यमुना म्हणाली. ते खोटं नव्हतं. खोटं होतं ते त्याच्यामागचं कारण.

खरं काय ते घरात दोघांनाच ठाऊक, तिला आणि नवऱ्याला. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून एक जखम होती. शिमग्यापासून ती भरत नव्हती. तिखटाचा घास गेला की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हल्ली तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना झालं होतं. इस्पितळात तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी हरिश्चंद्राला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, आणि उभा जन्म चिरेखाणीत काढलेला, जांभ्याचा चिरा एका झटक्यात खांद्यावर घेणारा तो गडी भिंतीला टेकून खाली बसला. तो बसला तेव्हाच यमुना काय ते समजली.

सुनेला, वेदिकाला, सांगितलं की दाढेच्या मुळाशी गाठ आहे. मुंबईला असलेल्या मुलाला, संदेशला, फोनवर तेच. का? तर वाडीत कळलं तर लोक हिच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. काजूगर ही खायची वस्तू, दीपकशेट शेडच्या दारात तरी उभं करील का? आणि आपल्या लोकांना काय सांगावं! त्यांना हा रोग शिंकेवरून उडतो असंच वाटतं.

पण शेवंतीपासून लपवलं, याचं यमुनाला फार वाईट वाटत होतं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आल्या, एकाच वर्षी काजू सोलायला बसल्या. एकीच्या घरी कुळथाची पिठी केली की दुसरीच्या घरी वाटी जायचीच. आणि रोज सकाळी काम लागायच्या आधी शेडमागच्या फणसाखाली दोघी मशेरी लावत बसायच्या. तंबाखू भाजायची यमुनाच्या तव्यावर, आणि डबी शेवंतीची. पितळेची, झाकणावर नक्षीचं फूल असलेली. तासभर गप्पा, वाडीतल्या सगळ्यांची उणीदुणी, मग पिंक टाकायची आणि कामाला लागायचं.

चार वर्षांमागं शेवंतीनं एकाएकी मशेरी सोडली. देवरूखला बहिणीचा पाय मोडला म्हणून ती तिकडे जाऊन राहिली होती. आली ती हाडांचा सापळा होऊन. म्हणाली, "माझ्या सानवीचं लग्न जमू दे म्हणून देवीला नवस बोललेय. आवडती वस्तू सोडायची. आणि नवसानं सोडलेली वस्तू घरात ठेवायची नसते, यमने. तू घे." असं म्हणून ती डबी यमुनाच्या ओटीत घातली.

यमुनानं ती डबी डोळ्यांना लावून घेतली होती. नवसाची डबी म्हणून तिच्यातली मशेरी ती जरा जास्तच लावायची.

*

इस्पितळात त्या दिवशी तिच्या चार दाढा काढल्या. ऑपरेशनच्या नंतर किरणांचा शेक द्यायचा, आणि शेक घेतल्यावर किडकी दाढ काढली तर हाड भरून येत नाही, म्हणून आधीच काढून टाकतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. तोंडात कापसाचा बोळा दाबून यमुना बाकावर बसली. हरिश्चंद्र औषधं आणायला गेला. समजूत घालायला नेमलेल्या राही मॅडम तिच्याजवळ आल्या. वयानं पोरगीच, पण बोलायला गोड.

"मावशी, नुसत्या औषधानं भागत नाही. याच आजारातून बरी झालेली माणसं आमच्याकडे येतात. काय होणार, कसं गिळायचं, कसं निजायचं, ते आमच्यापेक्षा तीच नीट सांगतात. आज एक बाई आल्यात. तुमच्यासारख्याच. मशेरीवाल्या."

यमुनानं मान हलवली. बोळ्यामुळं बोलता येत नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाला एका म्हाताऱ्यासमोर एक बाई पाठमोरी बसली होती. पदर खांद्यावरून खाली सोडलेला. मानेची एक बाजू काळी, जळक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची थप्पी तिनं दातांत धरून दाखवली आणि म्हणाली, "आज इतक्या. उद्या एक जास्त. दुखंल, पण करायचं. तोंड मिटून बसलात तर कायमचं मिटंल."

आवाज ऐकला आणि यमुना बाकाच्या कडेवर पुढं सरकली.

शेवंती वळली. तिनं आधी यमुनाचा सुजलेला गाल बघितला, मग कापसाचा लाल बोळा. हातातल्या काड्या खाली पडल्या. काही बोलायचं म्हणून तिनं ओठ हलवले. यमुनाला वाटलं, आता ही गळ्यात पडेल, रडेल.

शेवंतीनं पहिल्यांदा काय केलं असेल तर पदर मानेभोवती गुंडाळला. आणि जवळ येऊन, खाली वाकून, मॅडमना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "यमने, वाडीत बोलू नको हां कुणाला."

*

एसटीत यमुना खिडकीशी बसली होती. कातळावरून येणारा गरम वारा गालावर झोंबत होता. हरिश्चंद्र दोनदा म्हणाला, "ती शेवंती होती ना गो?" यमुनाच्या डोक्यात एकामागून एक दारं उघडत होती.

शेवंतीच्या कमरेला सदा लटकलेली पाण्याची बाटली. बाया चिडवायच्या, "काय गो, विहीर घेऊन फिरतेस?" पेजेत भिजवल्याशिवाय भाकरी न खाणं. दर महिन्याला देवरूखच्या बहिणीकडची फेरी. बारमाही मानेभोवतीचा पदर. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि कळलं नाही! मग तिला गेल्या वर्षीचे गणपती आठवले.

गौरीच्या दिवशी तिनं शेवंतीला ओसरीवर बसवून तोंड उघडून दाखवलं होतं. "बघ गो, आत पांढरं काय पडलंय?" शेवंतीनं बघितलं होतं. चांगलं उजेडाकडे तोंड वळवून बघितलं होतं. आणि म्हणाली होती, "चहानं पोळलं असंल. लोणी लाव."

आणि यमुनानं लोणी लावलं होतं. खुळ्यासारखं, रोज.

परक्यानं विष घातलं तर माणूस थुंकून तरी टाकतं. आपल्या माणसानं केसानं गळा कापला तर ओरडायचं कुणाच्या नावानं? त्या रात्री ती पेज न पिता निजली. सकाळी इस्पितळातून दिलेल्या काड्या तिनं चुलीत घातल्या.

"मी जात नाय," तिनं हरिश्चंद्राला सांगितलं.

"कुठं?"

"ऑपरेशनला. काय व्हायचं ते होऊ दे."

हरिश्चंद्र खाणीवर जायला निघाला होता. हातातली पहार त्यानं भिंतीला टेकवली. त्या दिवशी तो कामाला गेलाच नाही. परसात जाऊन लाकडं फोडत राहिला, गरज नसताना, दुपार होईपर्यंत.

*

शेवंती आली ती मागच्या दारानं. हातात पेजेचं भांडं, कनवटीला नव्या काड्यांची जुडी. वेदिका कारखान्यात गेली होती, हे बघूनच आली असणार.

"कशाला आलीस?" यमुना चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"तोंड किती उघडतंय ते बघायला."

"बघितलंयस की गेल्या गणपतीत!"

शेवंती उंबऱ्यातच खाली बसली. भांडं बाजूला ठेवलं.

"तुला तवाच माहीत होतं काय?" यमुनानं विचारलं. "खरं सांग. देवीची आण हाय तुला."

"होतं."

"आणि लोणी लाव म्हणालीस!"

"काय म्हणणार होते? कॅन्सर हाय म्हणाले असते तर तू विचारलं असतंस, तुला कसं कळलं. सानवीचं जुळत आलं होतं. आईला असला रोग हाय म्हटल्यावर पोरीला कोण घेतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची, यमने. तुला काय सांगायला पायजे?"

"मी तिला हळद लावली! ह्या हातांनी!" यमुनाचा आवाज फाटला, आणि गालात कळ गेली. तिनं हातानं गाल दाबून धरला. "बरं, लग्न झालं. मार्गशीर्षात झालं. मग का नाय बोललीस?"

"मग उशीर झाला होता. तू म्हणाली असतीस, इतके दिवस का नाय."

"म्हणाले असते! दोन शिव्या दिल्या असत्या. आणि दवाखान्यात गेले असते. तवा तो डाग होता गो नुसता, डाग!"

शेवंतीनं बाटली उघडून घोटभर पाणी घेतलं. तिच्या तोंडाला लाळ सुटत नव्हती, पाण्याशिवाय चार वाक्यं बोलता येत नव्हती. यमुनाला आज पहिल्यांदा ते कळत होतं. कीव यायला हवी होती. आली नाही.

"आणि डबी? ती कशाला दिलीस मला?"

"घरात ठेवली असती तर मीच बोट घातलं असतं," शेवंती म्हणाली. "डोकं फिरायचं गो वासानं. फेकवत पण नव्हती. आईनं दिलेली."

"म्हणून माझ्या घरात टाकलीस."

शेवंती पेजेचं भांडं पदरानं पुसत राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग तिनं कनवटीची जुडी सोडली. "मला शिव्या घाल. मारायचं तर मार. पण तोंड उघड. ऑपरेशनच्या आधी जितकं उघडशील तितकं मागनं उरंल. मला कुणी सांगणारं नव्हतं, म्हणून मी महिनाभर दात चिकटून बसले. बघ."

आणि तिनं आपलं तोंड उघडलं. आतला गाल सपाट, पांढरट, शिवलेल्या पोत्यासारखा. चार वर्षं शेजारी बसून यमुनानं तो पाहिला नव्हता. ती बघतच राहिली. रागानं अंग जळत होतं, आणि त्याच वेळी मनात येत होतं की ही जगली आहे. ही चालते, बोलते, लेकीचं लग्न लावते. ह्याच्यातनं माणूस जगतं.

यमुनानं तोंड उघडलं. शेवंतीच्या हातानं काड्या आत गेल्या. जबडा कडकड वाजला, डोळ्यांतून धारा लागल्या. दोघींच्या तोंडांत वितीचं अंतर, आणि यमुनानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिला ते तोंड इतक्या जवळून बघायचं नव्हतं.

*

त्यानंतर शेवंती रोज यायची. मागच्या दारानं, आणि वेदिका नसताना. यमुना तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हती, पण सांगितलेलं सगळं करत होती. पुढून हुकाच्या दोन जुन्या चोळ्या काढून ठेव, डोक्यावरून काही घालता येणार नाही. नाकात नळी घालतील, ती बघून घाबरू नको, तिच्यातनं पेज चांगली गाळून द्यायला हरिश्चंद्राला शिकव. हनुवटी छातीला टेकवून गिळायची सवय आत्तापासून कर. बोलता येणार नाही, म्हणून उशाशी घंटी ठेव, देवघरातली चालेल. जुन्या लुगड्याचे मऊ धडपे घेऊन जा, लाळ पुसायला इस्पितळातला कापूस टोचतो. आरशात लगेच बघू नको.

असं कुठला डॉक्टर सांगणार? शेवंती सगळं भोगून आलेली होती. यमुनाला कळत होतं, ही नसती तर आपण केव्हाच कच खाल्ली असती. म्हणूनच राग जास्त येत होता. ज्या हातानं खड्ड्यात लोटलं तोच हात वर काढायला पुढं आलेला, आणि दुसरा हात धरायला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

जायच्या आदल्या दिवशी शेवंती म्हणाली, "उद्या मी पण येते इस्पितळात. तुला आत नेईपर्यंत थांबते. बहिणीकडं जाते म्हणून सांगेन."

"बहिणीकडं," यमुना म्हणाली. तिला हसू आलं, पण गाल ओढला गेला.

शेवंती गेल्यावर तिच्या मनात डबी आली. डॉक्टरांनी मशेरी बंद केली त्या दिवसापासून ती मागच्या दाराच्या कोनाड्यात ठेवलेली होती. नवसाची वस्तू फेकायची कशी, म्हणून यमुनानं इतके दिवस तिला हात लावला नव्हता. आता कसला नवस आणि कसलं काय! कारखान्यात जायचं, सगळ्यांदेखत ती डबी शेवंतीच्या पुढ्यात आपटायची, असं तिनं ठरवलं. त्या विचारानंच तिला बरं वाटलं.

तिनं कोनाड्यात हात घातला. रॉकेलची बाटली होती, काड्यापेटी होती. डबी नव्हती.

*

ती शेडमध्ये पोचली तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. पत्रे तापून अंगाची लाही होत होती. बाया टरफलांच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या, काळ्या बोटांना खोबरेल चोळत. गर सोलायच्या टेबलाशी शेवंती, आणि तिच्या शेजारी वेदिका.

वेदिकाच्या मांडीवर पितळेची डबी होती. झाकण उघडं. पोरीनं डाव्या हाताचं बोट आत बुडवलं आणि हिरडीवरून फिरवलं, सवयीनं, बघायचीही गरज न पडता. शेवंती तिच्या खांद्याला खांदा लावून गर सोलत होती.

यमुना जागच्या जागी उभी राहिली. किती दिवस चाललं असेल हे? आपण डबी कोनाड्यात ठेवली तेव्हापासूनच की काय! आणि आपण पोरीला काय सांगितलं? दाढ. गाठ. शेवंतीच्या नावानं इतके दिवस बोटं मोडली, आणि आपणही तेच करून बसलो.

"आई!" वेदिकानं घाईनं झाकण लावलं. "तुम्ही लावत नव्हता, पडून होती, म्हणून... दात शिवशिवत होता माझा. नवसाची हाय ना, चांगली असते म्हणालात तुम्हीच."

यमुना तिच्यासमोर टेबलाला टेकून उभी राहिली. पिशवीतून काड्यांची जुडी काढली. "मोबाइलची बॅटरी लाव," म्हणाली. "माझ्या तोंडात धर."

"काय झालं?"

"लाव म्हणते ना!"

तिनं काड्या दातांत घातल्या, एकेक करत, जितक्या मावतील तितक्या. शिकवल्याप्रमाणं. जबडा कडकडला. वेदिकानं उजेड धरला, आत बघितलं, आणि तिच्या तोंडून "अगो बाय" एवढंच निघालं. बाया उठून भोवती जमल्या. एकेकीनं वाकून बघितलं. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी दोन पावलं मागं सरली. दीपकशेट दाराशी येऊन थबकला.

यमुनानं काड्या काढल्या. "दाढ नाय," ती म्हणाली. "कॅन्सर हाय. मशेरीनं झालाय. ह्याच डबीतल्या. उद्या गाल कापणार हायत. माझ्या हातचं पाणी नको असंल तर पिऊ नका. पण डब्या टाका."

मग टरफलं भरणारी म्हातारी गंगाकाकू पुढं आली. तिचे ओठ काळे, हिरड्या काळ्या, जन्म गेला मशेरीत. तिनं यमुनाचा हात धरला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "ह्यातनं माणूस वाचतं काय गो?"

सगळ्या यमुनाकडे बघत होत्या. यमुना शेवंतीकडे बघत होती.

शेवंतीचा हात थांबला होता. सुरीच्या टोकाशी अर्धा सोललेला गर. सानवीचं लग्न झालेलं होतं, आता तिला कुणी परत पाठवणार नव्हतं. नुसता पदर खाली सोडायचा होता. "वाचतं, ही बघा मी," एवढंच म्हणायचं होतं. आणि यमुनाला ते वाडीसाठी नको होतं, गंगाकाकूसाठीही नको होतं. उद्या त्या टेबलावर एकटीनं आडवं व्हायचं होतं, त्याच्या आधी एकदा कुणीतरी चार माणसांत तिच्या बाजूला उभं राहायला हवं होतं.

तिनं वाट बघितली.

शेवंतीनं कमरेची बाटली काढली. झाकण फिरवलं, एक घोट घेतला, झाकण लावलं. मग मान खाली घालून ती पुढचा गर सोलू लागली.

"वाचतं, काकू," यमुना म्हणाली. "मी एक बाई बघितलीय वाचलेली."

"कोण गो? आपल्यातली?"

"नाय," यमुना म्हणाली. "आपल्यातली नाय."

तिनं वेदिकाच्या मांडीवरची डबी उचलली, शेवंतीच्या पुढ्यात गरांच्या शेजारी ठेवली, आणि सुनेला घेऊन घरी निघाली.